पहिला बार घडवणाऱ्याचा

आमच्या घरात सगळेच दमलेले असायचे. दादा कामानं दमायचे, आई कामानं आणि दादांनी दमायची, आणि मी त्या दोघांकडं बघून बघून दमायचे. आता सिडकोतल्या या फ्लॅटमध्ये लिफ्ट बंद पडली की मी जिन्यात बसत बसत वर येते. नातू म्हणतो, आजी, तू किती लवकर दमतेस! त्याला काय सांगू? दमणं मी लहानपणीच शिकून घेतलं आहे, आता नुसती उजळणी चालू आहे.

चेलीपुऱ्यात आमचं घर होतं. पुढं दुकान, मागं स्वयंपाकाची आणि झोपायची खोली, मध्ये एवढंसं अंगण आणि त्यात भट्टी. माझे वडील, म्हणजे दादा, बंदुका दुरुस्त करायचे. निजामाच्या राज्यात लोक त्यांना बंदूकसाज म्हणत, नंतर ते नुसते मिस्त्री झाले. त्यांच्याकडं येणाऱ्या बंदुका साध्या असत, एका नळीच्या, ठासणीच्या, एक बार काढला की पुन्हा पहिल्यापासून भरायच्या. शेतकरी त्या रानडुकरं हाकलायला ठेवत. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत गावोगावच्या लोकांनी या बंदुका लपवल्या, आणि लपवल्या कुठं, तर उकिरड्यात. उकिरड्यात कोणी हात घालणार नाही, हा अंदाज बरोबरच होता. पण शेण आणि मूत लोखंडाचं काय करतं, हे त्या घाईत कोणाला सुचलं नाही. सगळं निवलं, परवाने मिळाले, बंदुका बाहेर निघाल्या. बघतात तर लाकूड बरं, चाप बरा, आणि नळी आतून पार कुरतडलेली. मग ती माणसं गोणपाटात गुंडाळलेली बंदूक घेऊन आमच्या दाराशी यायची. दादा नळीचं तोंड नाकाशी न्यायचे आणि गंभीरपणे विचारायचे, "गाईचा का म्हशीचा?" समोरचा ओशाळून हसायचा. दादा हसत नसत, ते कामाला लागत.

कारखान्यातली नळी या जुन्या बंदुकांना बसायची नाही, म्हणून नवी घडवावी लागे. ती कशी घडवतात हे मी इथं लिहीत बसणार नाही. आता ते कोणाच्या कामाचं नाही, आणि ज्याच्या कामाचं असेल त्याला मी सांगावं असंही नाही. घरात बसून ते कसं ऐकू यायचं, तेवढं सांगते. आधी भात्याचा आवाज. भाता आई ओढायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ओढत होती, आणि तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. मग घणाचा आवाज, आणि त्यानंतर आतून कोरायचं काम सुरू झालं की दिवसच्या दिवस नुसतं किर्र किर्र. सकाळी डोळे उघडताना किर्र, जेवताना किर्र. शेजारच्या हुसेनमियाँची म्हातारी आई ओरडायची, "अरे मिस्त्री, मेरे दाताँ दुखते रे!" तिच्या तोंडात एकही दात उरलेला नव्हता, पण ती काय म्हणते ते आम्हाला कळायचं. तो आवाज आमच्याही दाढांत बसला होता.

आणि तेल. करडईचं तेल. घरात तेलाचा डबा एकच, आणि त्याच्यावर पहिला हक्क नळीचा. नळी कोरायला घेतली की आईची आमटी फिकी व्हायची, अंबाडीची भाजी नुसती वाफवलेली यायची, ठेचा पाण्यात वाटला जायचा. "आज नळी जेवली, आपण उद्या जेवू," असं आई भाकरी थापता थापता म्हणायची. तिच्या बोलण्यात चेष्टा असायची, पण हसू नसायचं. माझ्या वेणीला, परकराला, पुस्तकांना त्या तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास यायचा. मावशी एकदा आईला म्हणाली, हिला बघायला पाहुणे आले तर काय म्हणतील? आई म्हणाली, म्हणतील पोरगी गंजणार नाही.

आमच्या घराण्याची एक रीत होती. नवी नळी बंदुकीवर चढवली की पहिला बार घडवणाऱ्यानं काढायचा, तोही गालाला लावून, बंदुकीच्या मालकासमोर. दुसरीकडं म्हणे बंदूक झाडाला बांधायचे, चापाला दोरी लावायचे आणि लांबून ओढायचे. आमच्याकडं ते कमीपणाचं समजत. घडवणाऱ्याचाच गाल जिथं टेकला नाही, तिथं दुसऱ्यानं का टेकवावा? लोक फुलंब्री, वेरूळच्या पलीकडून आमच्याकडं यायचे ते या रीतीसाठीच. पण याच रीतीनं माझे थोरले काका गेले होते. नळी फुटली, जबडा गेला, आणि नंतर ते बरेच दिवस पाण्याच्या घोटासाठी धडपडत जगले. तो घोट आई चमच्यानं पाजायची. मी तेव्हा फार लहान होते, मला फक्त ओल्या फडक्यांचा वास आठवतो. दादांनी त्यानंतरही रीत मोडली नाही. दादा बार काढायला निघाले की आई देवापुढं बसत नसे, ती धान्य निवडायला घ्यायची आणि चांगलं धान्यसुद्धा फेकून द्यायची.

मी शाळा सोडली त्या सुमारास दादांच्या डोळ्यांवर पडदा आला. मोतीबिंदू. परवा माझं ऑपरेशन झालं, तर मुलानं सकाळी नेलं आणि दुपारी मी घरी येऊन मालिका बघत होते. तेव्हा ऑपरेशन म्हणजे माणूस परत येतो का नाही अशी भीती, आणि दादांना दवाखान्याचं नाव काढलेलं चालत नसे. दिसत नाही हे कळलं तर आपल्याकडं कोणी फिरकणार नाही, ही त्यांची खरी भीती होती. म्हणून आम्ही एक सोंग काढलं. नळी तयार झाली की दादा ती गिऱ्हाइकासमोर उजेडाकडं धरायचे, एक डोळा मिटून आतून बघायचे, मान डोलवायचे आणि मग माझ्याकडं देऊन म्हणायचे, "पूस गं." मी फडकं घेऊन पुसायचे आणि पुसता पुसता खरं बघायचे. नळी सरळ असली की आत उजेडाची कडी कशी गोल बसलेली दिसते, वाकडी असली की कडी एका बाजूला कशी सरकते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ठीक असेल तर मी नळी मुकाट्यानं त्यांच्या हातात द्यायचे. खोट असेल तर म्हणायचे, "तेल आणते." मग दादा गिऱ्हाइकाला सांगायचे की अजून जरा हात फिरवायचा आहे, दोन दिवसांनी या. हे कोणाला कळलं नाही. म्हणजे निदान आम्हाला तरी असं वाटायचं.

फुलंब्रीच्या पुढच्या एका गावचे माणिकराव पाटील म्हणून होते, शांत, जाड मिशांचे, पान न खाणारे. त्यांचं भुईमुगाचं रान डुकरं उकरून टाकत होती. त्यांची बंदूक आमच्याकडं आली तेव्हा तिची नळी हातातच सोलून निघाली. दादांनी एक नळी घडवली, ती मी बघितली आणि म्हटलं, तेल आणते. ती वाया गेली. दादांनी दुसरी घेतली. त्या वेळी मी दादांना पहिल्यांदा म्हातारे होताना पाहिलं. कोरताना मध्येच थांबायचे आणि हात मांडीवर टाकून नुसते बसायचे. आई भाता सोडून त्यांच्याकडं बघायची आणि पुन्हा ओढायला लागायची. त्या दिवसांत घरात कोणी कोणाशी भांडलंसुद्धा नाही, कारण भांडायला जे लागतं ते कोणाकडंच उरलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी पाटील छकडा घेऊन आले. हुसेनमियाँनी बंदुकीचा दस्ता, म्हणजे मागचं लाकूड, दुरुस्त केला होता, तेही येऊन बसले. दादांनी नळी उजेडाकडं धरली, मान डोलवली आणि म्हणाले, "पूस गं, शकू." मी पुसली आणि बघितलं. कडी सुरेख गोल होती. पण खालच्या टोकाला, जिथं दारू ठासली जाते तिथं, मला एक काळी रेघ दिसली. केसाएवढी. अशा बारीक चिरेला दादा केसच म्हणत, आणि बार काढताना नळी फुटते ती तिथंच. मी फडकं पुन्हा आत घातलं, पुन्हा बघितलं. रेघ तिथंच. मी म्हणाले, "दादा, तेल आणते."

दादा म्हणाले, "तेल नको."

असं ते कधीच म्हणाले नव्हते. त्यांनी माझ्या हातातून नळी घेतली, बोटावर तोलली, छोट्या हातोडीनं ठोकून कान लावला. आवाज स्वच्छ आला, तो मलाही ऐकू आला. "वाजतीय चांगली," ते म्हणाले. "चला पाटील. माळावर जाऊन काढू बार." त्यांच्या तोंडाकडं बघून मला कळलं की त्यांना माझं म्हणणं खोटं वाटत नव्हतं. तिसरी नळी घडवायची ताकद त्यांच्यात नव्हती, एवढंच होतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी आत जाऊन आईला सांगितलं. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि बाहेर येऊन म्हणाली, "मी बी येते." दादा काही म्हणायच्या आत ती छकड्यात चढून बसली होती.

हर्सूलचा तलाव मागं टाकल्यावर एक उजाड माळ लागायचा. पाटलांच्या वाटेवरच होता तो. तिथं छकडा सोडला. हुसेनमियाँनी नळी दस्त्यावर चढवली, दादांनी बंदूक भरली. दिसत नसलं तरी हातांना सगळं पाठ होतं. मग त्यांनी बंदूक उचलली आणि आम्हाला लांब व्हायला सांगितलं. आई लांब झाली नाही. ती पुढं गेली आणि दोन्ही हातांनी बंदुकीचा दस्ता धरला.

"द्या इकडं. पहिला बार मी काढते," ती म्हणाली.

"खुळी झालीस का?" दादा म्हणाले. "लोकं बघायलेत. सोड."

"रीत काय म्हनती? घडवणाऱ्यानं काढायचा. मंग भाता कोणी वढला? आमटीतलं तेल कोणी दिलं? मी बी घडवणारीच हाय."

"ये क्या बोलरे भाभी तुम?" हुसेनमियाँ घाबरून म्हणाले. "औरताँ बंदूक चलाते क्या?"

"एक चापच तर वढायचाय, भाईजान. भात्यापरीस हलकाच आसंल." आईनं दादांकडं बघितलं. तिचा आवाज चढलेला नव्हता, रोज चहा हवा का विचारते तसाच होता. "नळी चांगली हाय ना? तुम्हीच म्हनलाव. मंग भ्यायचं कशाला? द्या."

दादांनी बंदूक सोडली नाही आणि आईनंही सोडली नाही. दोघं तशीच उभी होती. पाटील आपल्या जोड्यांकडं बघत होते. मला वाटलं आता दादा तिला ढकलतील. ढकललं असतं तर ती पडलीच असती, तिच्या अंगात काय होतं? पण दादा तिच्या खाली आलेल्या खांद्याकडं बघत राहिले, का त्यांना तिथं नुसतं धुकं दिसत होतं, मला माहीत नाही. मग ते मान न उचलता म्हणाले, "हुसेनमियाँ, दोरी आना."

छकड्याची दोरी सोडली. बंदूक बाभळीच्या बुंध्याला बांधली, चापाला दोरी लावली, आणि आम्ही सगळे एका बांधाआड बसलो. आमच्या घरच्या नळीला दोरी लागली ती तेवढी एकदाच. दोरी दादांनीच ओढली. बार झाला. माळावरचे तितर उडाले, बैल हिसडे देऊन उठला. आम्ही जाऊन बघितलं तर नळी धड होती. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. हुसेनमियाँ म्हणाले, "माशाल्ला!" आणि लगेच सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. हुसेनमियाँना आमच्या तेलाचं सोंग कधीपासून माहीत होतं हे मला त्या नजरेवरून कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाटलांनी नळीवरून हात फिरवला. "नळी चांगली दिसतीय, मिस्त्री. पन म्या नेनार नाय."

"का?" दादांनी विचारलं.

"राग नका मानू. तुमचा गाल लागला नाय तिला. घरी ही बंदूक माझं पोरगं वापरनार हाय. घडवणाऱ्यानंच दोरी लावली, तर मी त्याला काय सांगू?"

दादांनी वाद घातला नाही. पाटलांचं बरोबरच होतं, आमच्या रीतीप्रमाणं अगदी बरोबर होतं. हुसेनमियाँनी नळी उतरवली, पाटलांनी आपला दस्ता आणि चाप गोणपाटात गुंडाळला, आईला रामराम केला आणि छकडा फुलंब्रीच्या रस्त्याला लागला. आम्ही उलटे पायी निघालो. परवाना पाटलांचा, नळी आमच्या हातात, आणि वाटेत हर्सूलचा जेल. आईनं नळी गोणपाटात गुंडाळून सरपणासारखी काखेत धरली होती. पहारेकरी बिडी ओढत बसला होता, त्यानं आमच्याकडं बघितलंही नाही. इतकी थकलेली माणसं गुन्हा करत असतील असं कोणाला वाटणार?

घरी आलो तेव्हा ऊन उतरत आलं होतं. आईनं चूल पेटवली, पिठलं टाकलं. दादा भट्टीपाशी नळी मांडीवर घेऊन बसले होते. मालक नसलेली नळी घरात ठेवायची सोय नव्हती, ती तोडावीच लागायची. पण ते नुसतं तोडायला बसले नव्हते. ते म्हणाले, "शकू, रेघ कुठं दिसली तुला? बोट ठेव." मी बाहेरून अंदाजानं बोट ठेवलं. "आता फाडून बघू," ते म्हणाले. "आत केस निघाला तर ह्या हाताला आता कळत नाय म्हनायचं. मंग दुकान बंद. आन् नाय निघाला, तर उद्यापासून पाटलासाठी तिसरी घडवतो आन् गालाला लावून काढतो. दोरी पुन्हा नाय." चुलीपाशी आईचा हात थांबलेला मला दिसला.

त्यांनी करवतीनं मी दाखवलेला तुकडा कापला, मग छिन्नीनं उभा फाडला. बराच वेळ लागला. मी मनात एकच म्हणत होते, केस असू दे. बापानं घडवलेल्या वस्तूत खोट निघावी म्हणून मी देवाची विनवणी करत होते. तुकडा उघडला. दादांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. सोंग काढायला समोर गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी तुकडा पुढं केला आणि विचारलं, "हाय का गं?"

मी हात पुढं करायच्या आत आईनं तो घेतला. पिठाच्या हातानं. तिनं तो दाराच्या उजेडात धरला आणि एका नजरेत खाली आणला.

"हाय," ती म्हणाली. "चांगली लांब हाय."

मग तिनं तो मला दाखवला. आत लोखंड स्वच्छ होतं, चकचकीत. रेघ नव्हती, केस नव्हता, काही नव्हतं. मला सकाळी काय दिसलं होतं ते मी आजवर सांगू शकत नाही. फडक्याचा धागा असेल, नाहीतर माझी भीती असेल. आई माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत विनवणी नव्हती, दटावणी नव्हती, फक्त फार दमलेलं एक माणूस होतं. मी काही बोलले नाही. तेच बरं झालं असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

दादा म्हणाले, "आन इकडं."

डोळे गेले होते, पण त्यांचं नख गेलं नव्हतं. जन्मभर त्यांनी लोखंडावर नख फिरवून खोट ओळखली होती. केसाचा केस असता तरी त्यांच्या नखाला अडखळला असता. त्यांनी तुकडा तळहातावर घेतला आणि अंगठ्याचं नख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं, सावकाश. मग परत उलटं. पुन्हा एकदा. ते गुळगुळीत लोखंडावरून कुठंही न थांबता सरकताना मला दिसत होतं, आईलाही दिसत होतं. चुलीवर पिठलं खदखदत होतं आणि ते खाली उतरवायला कोणी उठत नव्हतं.

"व्हय," दादा म्हणाले. "लागतीय नखाला."

त्यांनी तुकडा खाली ठेवला. छिन्नी आणि करवत पुसली. आई चुलीकडं वळून म्हणाली, "मंग उठा आता. हात धुवा, भाकरी गार व्हायलीय." दादांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि ते उठले.